इंदूरच्या गच्चीवर मोगरा: लावणीपासून दुसऱ्या-तिसऱ्या बहरापर्यंत

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे असले की मोगऱ्याचा गजरा हवाच, आणि तो घरच्या झाडाचा असावा असं इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत वाटतं. त्या हौसेने मार्चमध्ये कळ्यांनी लगडलेली कुंडी घरी येते. दोन-तीन आठवडे गच्ची घमघमते आणि मग वर्षभर नुसती पानं. पुढच्या चैत्रात पाच-सात फुलं येतात, त्याच्या पुढच्या वर्षी तीही नाहीत. शेवटी "आमच्या हाताला मोगरा लागत नाही" म्हणत कुंडी जिन्याखाली सरकवली जाते. यात हाताचा काहीही दोष नाही. मोगऱ्याचा एक स्वभाव ध्यानात घेतला, तर हेच झाड मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत तीन-चार बहर देतं.

तो स्वभाव असा: मोगऱ्याला कळी लागते ती नव्या कोवळ्या फुटव्याच्या टोकाला आणि त्याच फुटव्याच्या वरच्या पानांच्या बगलेत. गेल्या वर्षीची तपकिरी, कडक झालेली फांदी स्वतः फुलत नाही, ती फक्त नवे फुटवे देऊ शकते. त्यामुळे फुलं हवी असतील तर आधी फुटवे हवेत आणि फुटवे हवे असतील तर कात्री हवी. पुढे जे काही लिहिलं आहे, ऊन, पाणी, खत, छाटणी, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. नवीन माणसाने बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हल्ली पिओनीचे फोटो पाहून तिचे गड्डे मागवणारे बरेच जण आहेत. फूल अप्रतिम आहे यात वादच नाही, पण पिओनीला कळी धरण्यासाठी कित्येक आठवडे सलग कडाक्याची थंडी लागते. हिमालयात ती रानात उगवते ती यामुळेच. इंदूरला जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १० अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी पुन्हा २५ च्या पुढे जातो. एवढ्याने तिचं भागत नाही. पानं कदाचित येतील, फुलाची आशा धरू नका. मोगऱ्यालाही वर्षातून एकदा विश्रांती लागतेच, फक्त ती थंडीची नसून तहानेची असते, आणि तहान आपल्या हातात आहे. माळव्यातल्या माणसाने ज्या झाडावर जीव लावावा असं हे झाड आहे.

रोप आणताना

आणण्याची सर्वांत चांगली वेळ जूनअखेर ते ऑगस्ट. हवेत ओल असते, मुळं लवकर धरतात. फेब्रुवारी-मार्चमध्येही चालतं. एप्रिल-मेमध्ये मात्र नको. त्या उन्हात कुंडी बदलली की रोप आठवडाभरात मान टाकतं.

नर्सरीत फुलांनी भरलेलं रोप दिसलं की हात तिकडेच जातो. तो आवरा. फुलं पाहू नका, बुंधा पाहा. मातीतून एकच काठी वर आलेली असेल तर ते रोप सोडा. बुडापासून तीन-चार फांद्या निघालेल्या असतील, पानं गडद आणि चमकदार असतील, पानाच्या मागे जाळी किंवा पिवळे ठिपके नसतील, तर ते घ्या, मग त्याला एकही कळी नसली तरी चालेल.

मोगरा म्हणून कधीकधी कुंद हातात पडतो. दोन्ही एकाच कुळातले आणि लहानपणी सारखेच दिसतात. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवा. कुंदाची फांदी आणि पान लवदार लागतात, मोगऱ्याचं पान गुळगुळीत असतं आणि त्यावर शिरा ठसठशीत उमटलेल्या असतात. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, क्वचित एका पेरावर तीनही दिसतात. नर्सरीवाला मोतिया किंवा बेला म्हणाला तरी गोंधळू नका, तो मोगऱ्याबद्दलच बोलतो आहे.

प्रकार पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला तीनच लक्षात ठेवा. एकेरी मोगरा सर्वांत काटक. फूल साधं, वास सर्वांत मोकळा, फांद्या लांब सुटून वेलीसारख्या पसरतात. बटमोगरा म्हणजे टपोऱ्या गोल कळ्यांचा, गजऱ्यासाठी हाच. मदनबाणाची कळी लांबट, टोकदार आणि आत पाकळ्यांचे थरच थर. पहिलंच झाड असेल तर मी बटमोगरा सुचवेन. तो आटोपशीर राहतो, छाटणीला चांगला प्रतिसाद देतो आणि कळ्या ओवताना समाधान मिळतं ते वेगळंच.

माती, आणि इंदूरचंच खत

आपली माती काळी. कापसाला, सोयाबीनला ती सोनं आहे, कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र एकटी नको. पावसात ती फुगून चिकट होते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते. म्हणून ती हलकी करून वापरायची. साधारण चार भाग काळी माती, तीन भाग चांगलं कुजलेलं खत, तीन भाग जाडसर रेती आणि १२ इंची कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. पेंड इथल्या दुकानात नीमखली म्हणून मिळते. नुसत्या कोकोपीटमध्ये मोगरा लावू नका. ते उन्हाळ्यात भराभर सुकतं, पावसाळ्यात ओलं राहतं आणि त्यात झाडाला खायला काहीच नसतं.

खताच्या बाबतीत इंदूरकरांनी बाजाराकडे पाहण्याची गरजच नाही. कंपोस्टची जी पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, ती इथेच बसवली गेली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था उभी केली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. तिथे १९३१ पर्यंत हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक अंतराने ढीग उलटून, तीन महिन्यांत खत तयार करून दाखवलं. शेतातला कचरा जाळायचा नाही, मातीला परत द्यायचा, हा त्यांचा आग्रह होता. आज घरोघरी ओला कचरा वेगळा ठेवणाऱ्या या शहराला हा वारसा माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गच्चीवर तेच छोट्या मापात करता येतं. बाजूला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये वीतभर सुका पाला, त्यावर भाज्यांची देठं-सालं, त्यावर मूठभर शेणखत किंवा जुनं कंपोस्ट, असे थर रचत जायचं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी राहू द्यायची. तीन आठवड्यांनी एकदा, पुढे पुन्हा दोनदा सगळं खाली-वर करायचं. वास येऊ लागला तर पाणी जास्त झालं आहे, सुका पाला वाढवा. तयार खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो. अर्धवट कुजलेलं खत मात्र मोगऱ्याला कधी घालू नये, मुळं भाजतात. चुलीची किंवा होमाची राखही कुंडीत टाकू नका. आपली माती आधीच क्षारधर्मी असते, राखेने ती आणखी तशी होते आणि पानं पिवळी पडतात.

कुंडी आणि जागा

१२ इंची कुंडी पुरेशी, पुढे १४ इंची. मातीची मिळाली तर उत्तम, कारण तिच्या अंगातून हवा खेळते. तळाचं भोक विटेच्या तुकड्याने अर्धवट झाका, बुजवू नका. गच्चीच्या फरशीवर कुंडी थेट ठेवायची नाही, मेमध्ये फरशी चटका देते. दोन विटांवर ठेवली की खालून हवा जाते आणि पाणीही निथळतं.

ऊन रोज किमान सहा तास. यात तडजोड नाही. सावलीतला मोगरा हिरवागार, उंच आणि वांझ राहतो. लोक त्याला खतं घालत बसतात आणि तो आणखी हिरवा होतो. ज्या बाल्कनीत तीनच तास ऊन येतं तिथे मोगऱ्याऐवजी दुसरं काही लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीत लावायचा असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा आणि जागा थोडी उंचवट्याची पाहा. काळ्या मातीत जुलै-ऑगस्टचं पाणी बुडाशी साठलं की मुळं कुजतात.

हिवाळ्यातली तहान

वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं काम इथे सुरू होतं आणि ते काम म्हणजे काही न करणं. नोव्हेंबर सरत आला की खत पूर्ण बंद. पाणीही हळूहळू कमी. डिसेंबरपासून जमिनीतल्या जुन्या झाडाला पाणी देऊच नका. कुंडीतल्या झाडाला आठ-दहा दिवसांतून एकदा तांब्याभर, फांद्या सुरकुतू नयेत एवढ्यापुरतंच. काही पानं पिवळी होऊन गळतील, बाकीची निस्तेज दिसतील. हे पाहवत नाही हे खरं, घरातलं कोणीतरी न सांगता एक झारी ओतून येतंच. त्यांना समजावून सांगा. या कोरड्या दिवसांत झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्न साठतं आणि पाणी मिळताच सगळे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले बारीक कोंब, एकदम फुटायला तयार होतात. ज्या झाडाला बारा महिने रोज पाणी मिळतं ते एकेक फुटवा अधूनमधून काढत राहतं. त्याला बहर असा येत नाही.

किती ताण पुरे, हे पानांवरून कळतं. दुपारी पानं मलूल दिसली आणि सकाळी पुन्हा ताठ झाली, तर ताण योग्य आहे. सकाळीही मान खाली असेल तर त्या दिवशी पाणी द्या. या वर्षीच लावलेल्या लहान रोपाला एवढा ताण द्यायचा नाही, फक्त पाणी थोडं कमी करायचं.

छाटणी: संक्रांत ते रथसप्तमी

तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तेवढ्याच दिवसांत मोगरा छाटून घ्यायचा. त्याआधी छाटला तर कोवळे फुटवे थंडीत अडकतात. फार उशीर केला तर चैत्राचा बहर वैशाखात जातो. संक्रांतीनंतरही थंडीची लाट चालू असेल तर ती ओसरेपर्यंत थांबा.

कात्री धारदार हवी आणि स्पिरिटने पुसून घ्यावी. आता एक फांदी हातात धरून नीट पाहा. ठरावीक अंतरावर पेरं आहेत, प्रत्येक पेराला पानांची जोडी आहे आणि प्रत्येक पानाच्या देठाच्या बगलेत एक बारीक हिरवट टोक आहे, नखाने चाचपलं तर लागेल एवढंच. तो डोळा. कात्री चालवायची ती पेराच्या वर पाव इंच सोडून, किंचित तिरकी. याहून वर कापलं तर उरलेला तुकडा सुकून काळा पडतो, अगदी लगत कापलं तर डोळाच जातो. समोरासमोर दोन डोळे असल्याने कापलेल्या प्रत्येक फांदीला सहसा दोन नवे फुटवे येतात. दहा फांद्या कापल्या की वीस ठिकाणी कळी धरायला जागा होते. कात्री चालवताना हात कचरत असेल तर हा हिशोब आठवा.

क्रम असा ठेवा. आधी वाळलेल्या, काळ्या पडलेल्या फांद्या बुडापासून काढा. मग आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या. मग काडीसारख्या बारीक, कारण त्यांना जोमदार फुटवा येत नाही. उरलेल्या चांगल्या फांद्या अर्ध्यावर आणा. जमिनीतलं मोठं झुडूप मातीपासून दीड फुटावर आलं तरी चालतं. कुंडीतलं फूटभर उरलं तरी घाबरू नका.

आता बरेच जण टाळतात ते काम: राहिलेली सगळी पानं हाताने काढायची. देठ दोन बोटांत धरून हलकेच बाजूला मोडायचा, खाली ओरबाडायचा नाही, नाहीतर सालीबरोबर डोळाही सोलून निघतो. पानं गेल्यावर झाड उघडंबोडकं दिसतं, पण झोपलेले डोळे त्यामुळेच एका वेळी जागे होतात. जुनी पानं ठेवली तर फुटवे पुढेमागे येतात आणि बहर विखुरतो.

नंतर खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती अलगद मोकळी करा, बारीक मुळं तुटली तरी हरकत नाही, आणि तीन-चार दिवस तशीच ऊन खाऊ द्या. मग त्यात तीन-चार मुठी कंपोस्ट, मूठभर नीमखली आणि मूठभर हाडांचं खत मिसळून माती सारखी करा आणि तळाच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या. तहान इथे संपली. यापुढे वरची माती सुकली की पाणी.

झाड दोन वर्षांपासून त्याच कुंडीत असेल तर छाटणीच्याच दिवशी मुळांचा मातीसकट गड्डा बाहेर काढा. कडेने गोल फिरलेली मुळं चारही बाजूंनी इंच-दीड इंच कापून टाका आणि नव्या मातीत पुन्हा बसवा. वरून छाटलं आहे तेव्हाच खालून छाटलेलं झाडाला झेपतं.

फुटवे ते कळ्या

पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतात. फुटवे वीतभर झाले की शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी द्या: १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, गाळून दहापट पाण्यात मिसळायची आणि आधी ओल्या केलेल्या मातीत कुंडीमागे अर्धा लिटर ओतायची. दर पंधरवड्याला एकदा पुरे.

युरियाचा मोह टाळा. मोगऱ्याची शेती करणाऱ्यांना दर झुडपामागे वर्षाला ६० ग्रॅम नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी १२० ग्रॅम अशी शिफारस असते. म्हणजे नत्र निम्मं आणि फुलांना लागणारी दोन्ही दुप्पट. कुंडीत आपण एवढं घालत नाही, पण प्रमाण तेच ठेवायचं. नत्र वाढलं की पानांचा पसारा होतो आणि कळ्या रुसतात.

कळ्या बहुधा तिनाच्या घोसात येतात आणि मधली आधी फुलते. घोस दिसू लागल्यापासून माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका. या टप्प्यावर एक दिवस जरी पाणी चुकलं तरी कळ्या पिवळ्या पडून गळतात. एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज सकाळी पाणी लागतं, उन्हाच्या कहरात संध्याकाळीही. मातीवर सुक्या पानांचा जाड थर पसरला तर निम्मी काळजी मिटते.

गजऱ्यासाठी कळ्या भल्या सकाळी काढाव्यात, पूर्ण वाढलेल्या पण मिटलेल्या, पांढऱ्याशुभ्र. हिरवट कळी काढली तर ती नंतर उमलत नाही. ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. संध्याकाळी दिवेलागणीला त्या उमलू लागतात आणि रात्री वास टिपेला जातो. झाडावर राहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी-जांभळट होऊन गळतं.

दुसरा बहर, तिसरा बहर

इथेच बहुतेकांचा मोगरा थांबतो. फुलं काढून झाली, घोस रिकामे झाले आणि फुटवा तसाच उभा राहिला. त्याचं काम संपलेलं असतं, पण आपण कापलं नाही तर झाड त्यालाच पोसत बसतं. पहिला बहर उतरला की आठवड्याच्या आत प्रत्येक फुटवा, ज्यावर फुलं येऊन गेली तो, घोसाखालच्या दोन पानजोड्यांसकट कापा. नुसतं सुकलेलं फूल खुडून भागणार नाही. कापलेल्या जागेखालच्या बगलेतून पुन्हा जोडीने फुटवे येतात आणि चार ते सहा आठवड्यांत त्यांच्या टोकाला कळ्या. छाटल्यावर दोन-तीन मुठी कंपोस्ट घाला आणि पेंडीचं पाणी पुन्हा सुरू करा. या वेळी पानं काढायची नाहीत आणि ताणही द्यायचा नाही. मेच्या उन्हात तहानलेलं झाड मरतं, फुलत नाही.

या हिशोबाने पहिला बहर मार्चअखेर-एप्रिलमध्ये, दुसरा मेच्या मध्याला, तिसरा पाऊस लागता लागता. त्यानंतर पावसात एकेरी मोगऱ्याच्या लांबच लांब फांद्या सुटतात, त्यांना टोकाला कळी नसते. त्या जुलैत निम्म्याने कापल्या की गणपतीच्या सुमारास आणखी एक लहानसा बहर मिळतो. उन्हाळ्याइतका भरघोस नाही, पण बाप्पाच्या हाराला पुरतो.

पिवळी पानं आणि जांभळ्या कळ्या

नवी, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतं आहे. काळी माती आणि बोअरिंगचं जड पाणी यांमुळे माळव्यात हे नेहमीचं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलेला असेल तर पाण्याचा संशय पक्का. ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व लिटरभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. पाऊस लागला की गच्चीवरचं पाणी पिंपात धरून ठेवा आणि मोगऱ्याला तेच द्या. खालची जुनी पानं पिवळी होत असतील तर गोष्ट वेगळी, बहुधा पाणी तुंबलं आहे, तळाचं भोक तपासा.

कळ्या उमलण्याआधीच जांभळ्या पडून सुकत असतील तर एक कळी नखाने उभी चिरून पाहा. आत बारीक हिरवट अळी आणि काळी विष्ठा दिसली तर ती कळी पोखरणारी अळी. अशा सगळ्या कळ्या, शेजारच्या जाळीने चिकटलेल्यांसकट, तोडून पिशवीत बांधून टाका. कुंडीतच टाकल्या तर अळी मातीत उतरते आणि पुन्हा येते. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि चमचाभर साबणाचं पाणी, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. कळी बुडाशी फुगून गुलाबी होत असेल तर ती माशी आहे, उपाय तोच. मेमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळ्यासारखी जाळी दिसली तर लाल कोळी. त्याला औषधाआधी पाणी पुरतं, पाइपने पानांच्या मागच्या बाजूला जोरात मारा, सलग चार-पाच सकाळी.

एकाची चार झाडं

मोगऱ्याला बी सहसा धरत नाही, फांदीपासूनच रोप करायचं. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा लांब फांद्या कापता, त्यातल्याच निवडा. फार कोवळी नको, फार तपकिरी नको, हिरवट-करडी, पेन्सिलीहून थोडी बारीक. तीन-चार पेरांचे, साधारण सहा इंचांचे तुकडे करा. खालचा काप पेराच्या लगत खाली घ्या. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. निम्मी रेती, निम्मं कंपोस्ट भरलेल्या पिशवीत दोन पेरं मातीत जातील असे खोचा आणि सावलीत, पावसाची थेट झोड नसेल तिथे ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. ओढून पाहू नका, नवं पान निघालं की समजा.

ज्यांना ही धाकधूक नको, त्यांनी दाब कलम करावं. झाडाची खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत मध्यावर दाबायची, त्या जागी बोटाच्या पेराएवढी साल खरवडायची, वर दगड ठेवायचा आणि शेंडा बाहेर ठेवायचा. फांदी आईकडून जेवत राहते आणि दाबलेल्या जागी मुळं सोडते. दिवाळीच्या सुमारास मधून कापून वेगळी करा.

या नव्या रोपांना पहिल्या हिवाळ्यात पूर्ण ताण नको आणि जोरदार छाटणीही नको. फेब्रुवारीत फक्त शेंडे खुडा, म्हणजे बुडापासून फांद्या वाढतील. मार्चमध्ये एखादी कळी दिसली तर तीही खुडून टाका. सगळा जोर फांद्यांकडे जाऊ दे. दुसऱ्या संक्रांतीला त्यांना मोठ्या झाडासारखंच छाटायचं आणि मग चैत्राची वाट पाहायची.